बांधीतल्या मातीत नवा जीवाणू? आधी खर्च समजून घ्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात धानाच्या बांधीत विज्ञानाला नवा असलेला जीवाणू सापडू शकतो. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेला धानाच्या शेतातच मिथेन खाणारा मिथायलोक्युक्युमिस ओरायझी मिळाला. आकार काकडीसारखा, म्हणून हे नाव. पण तुम्ही शेतकरी असा की एम.एस्सी.चे विद्यार्थी, खिशात हात घालण्याआधी हिशेब मांडा.

जमीन आरोग्य पत्रिका इथे कामाची नाही. तिच्यात १२ घटक तपासतात, त्यात जीवाणू नसतात. पहिला सल्ला सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारा. जीवाणू ओळखण्याची आणि जतन करण्याची सोय पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आणि चंडीगडच्या एमटीसीसी या संग्रहात आहे.

नमुना घेताना धुरा, शेणखताचा ढीग आणि नुकतं खत टाकलेली जागा टाळा. स्पिरिटने पुसलेल्या खुरपीने धानाच्या मुळांना चिकटलेली माती घ्या, स्वच्छ पिशवीत बंद करा, उन्हात ठेवू नका. शंभर ग्रॅम पुष्कळ झाली. पिशवीवर तारीख, खोली, पीक आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहा. सोबत सातबारा आणि शेतमालकाचं संमतीपत्र ठेवा. माती जंगलातली असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.

मातीतून जीवाणू वेगळा करून वाढवला की पहिला मोठा खर्च त्याची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाच्या वाचनाचा. नमुन्यामागे साधारण हजार ते तीन हजार रुपये. वर १८ टक्के जीएसटी. दरपत्रकात तीन गोष्टी विचारा: वाचन दोन्ही बाजूंनी, म्हणजे जवळपास १,५०० अक्षरांचं आहे का; फसलं तर पुन्हा करण्याचे पैसे लागतात का; विश्लेषण वेगळं आकारतात का? तिसऱ्यावर फार अडू नका. एनसीबीआयच्या ब्लास्ट या ऑनलाइन साधनावर तुलना फुकट होते, जनुकक्रमाची नोंदणीही फुकट. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांहून बरंच कमी आलं, तरच पुढे जा.

खरा खर्च तिथून सुरू होतो. संपूर्ण जीनोम वाचायला पाच आकडी रक्कम धरा. सर्वांत जवळच्या प्रजातींशी जीनोमचं साम्य साधारण ९५-९६ टक्क्यांच्या खाली यावं लागतं. प्रयोगशाळेत शेजारी ठेवून तुलना करायची तर त्या प्रजातींचे मूळ नमुने विकत आणावे लागतात. परदेशातून आणले तर वाहतूक वेगळी. हा आकडा सुरुवातीच्या अंदाजपत्रकात सहसा नसतो, म्हणून तुम्हीच विचारा.

नाव अधिकृत व्हायला जिवंत जीवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. बाहेर पाठवायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आहे. तो अर्ज आधीच टाका. सगळं धरून दीड-दोन वर्षं सहज जातात.

“पैसे भरा, महिन्यात प्रजातीचं प्रमाणपत्र” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. असं प्रमाणपत्र नसतं. नावाला मान्यता आयजेएसईएम या नियतकालिकातून मिळते. पेटंटच्या नावाने पैसे मागणाऱ्यालाही तेच सांगा: निसर्गात सापडलेला जीवाणू जसाच्या तसा भारतात पेटंट होत नाही.

श्रेयाचं मात्र आधीच ठरवा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना स्वतः विकसित केलेल्या एचएमटी धानाच्या श्रेयासाठी किती झगडावं लागलं, हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. माती देतानाच गावाचा आणि तुमचा उल्लेख शोधनिबंधात कुठे येईल हे लिहून घ्या, आणि सहीची एक प्रत घरी ठेवा.