जुन्या मालमोटारीचे इंजिन : निवड आणि बांधणी

आमची उज्जयिनी प्राचीन काळापासून मोजमापाची नगरी म्हणून प्रसिद्ध आहे. भारतीय ज्योतिषांनी रेखांशाची गणना येथून केली; अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली. मापात चूक झाली की आकाशाचे गणित चुकते, हे आम्ही त्या वेधशाळेत ऐकले होते. यंत्राच्या बाबतीतही तेच खरे आहे, हे मात्र एका जुन्या गाडीने आम्हांस शिकविले.

आमच्या एका वर्गमित्राच्या आजोबांची १९४९ सालची विलिस पिकअप गाडी कित्येक वर्षे गोठ्याशेजारी उभी होती. सांगाडा धडधाकट होता, परंतु इंजिन जखडले होते. ती पुन्हा चालती करावी असे ठरले.

पहिला प्रश्न निवडीचा. आमच्यापुढे तीन मार्ग होते. मूळ इंजिन दुरुस्त करावे. त्याच घराण्यातील पुढचे ‘हरिकेन’ इंजिन बसवावे. अथवा महिंद्र जीपमध्ये पुढे आलेले २११२ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन घालावे. मूळ इंजिनात दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूस असतात. हरिकेनमध्ये आत घेणारी झडप डोक्यावर नेल्यामुळे श्वास मोकळा होतो व शक्ती वाढते. डिझेलला इंधन कमी लागते. पण त्याचा दाब व कंप अधिक असल्याने आधार आणि गिअरपेटी यांची जुळणी नव्याने करावी लागते.

अधिक शक्ती ती चांगली, असे प्रथम आम्हांस वाटले. तथापि वेग वाढविणारे इंजिन जुने ड्रम ब्रेक सुधारत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तरच तिची ‘विंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. म्हणून आम्ही मूळ इंजिनच निवडले.

त्याचे गणित पाहा. सिलिंडरचा व्यास ७.९४ सें.मी. व दट्ट्याची धाव ११.११ सें.मी. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ४९.५ चौ. सें.मी.; त्यास धावेने गुणिले असता एका सिलिंडरचे ५५० आणि चारांचे २२०० घ. सें.मी. होतात. व्यासाहून धाव बरीच लांब असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतही ओझे ओढते. सुमारे ६० अश्वशक्ती असूनही ते मालमोटारीस शोभले, ते याचमुळे.

आता बांधणी. इंजिन उतरवून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, तसेच आडवा व उभा मोजावा. त्यावरून झीज किती व गोलाई बिघडली किती, हे समजते. मग पुढच्या मापाचे बोअरिंग करून त्याच मापाचे पिस्टन घ्यावेत. क्रँकशाफ्टचे प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने तपासावे आणि मगच बेअरिंग आणावे.

येथेच आम्ही चुकलो. उतावळेपणाने न मोजता मानक मापाची बेअरिंगे आणली. इंजिन सुरू होताच खडखड ऐकू आली व तेलाच्या दाबाचा काटा वर चढेना. मिस्त्रींनी तत्काळ ते बंद केले. तपासाअंती कळले की क्रँक पूर्वी कोणीतरी पाव मिलीमीटर घासलेला होता. ही फट काही शतांश मिलीमीटरचीच असावी लागते. ती वाढली की तेल बाजूने निसटते, दाब टिकत नाही आणि धातूवर धातू घासतो. आणखी काही मिनिटे गेली असती, तर आजोबांच्या गाडीचा मूळ क्रँक कायमचा गेला असता.

दुसऱ्या खेपेस आम्ही सर्व मापे वहीत लिहिली, तेलाची छिद्रे साफ केली आणि हेडचे नट मधून बाहेर, क्रमाक्रमाने आवळले. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा ठेवला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते म्हणून जुन्या रबरी नळ्याही बदलल्या. या वेळी काटा वर चढला व स्थिर राहिला.

आजोबांनी इंजिनापेक्षा ती वही अधिक वेळ पाहिली. “हीच जपून ठेवा,” ते म्हणाले. ती आता गाडीतच ठेवलेली आहे. पुढे जो कोणी हे इंजिन उघडील, त्यास तरी अंदाज करावा लागणार नाही.