गळ आधी, रंग नंतर

पाऊस मागे हटला, खाडीचं पाणी जरा निवळू लागलं की फोन सुरू होतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो : यंदा जिताड्याला काय चालतंय? पोपटी पाठीचा ल्युअर घेऊ की चंदेरी? घरचा लाकडी बरा की दुकानातला? एखाद्याने तर दुकानात उभं राहूनच फोन लावलेला असतो, मागून दुकानदाराचा आवाज येत असतो. मी रंगाबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्याला म्हणतो, "त्या नकली माशाच्या पोटाखाली जे लोंबतंय ना, तेवढं नीट बघ आणि मला सांग."

आमचा भाग खारेपाटाचा. पेण-अलिबागकडचे खारभूमीचे बांध, त्यातल्या उघाड्या आणि पलीकडे धरमतरची खाडी. ओहोटी लागली की उघाडीतून आतलं पाणी खाडीत उतरतं. त्याच्याबरोबर करंदी, कोळंबी, बोटाएवढी बोयटं खाली येतात आणि तिथेच कुठेतरी जिताडा दबा धरून असतो. पूर्वी या जागी तंगुसाला गळ आणि गळाला जिवंत कोळंबी, एवढ्यावर भागत असे. आता काठी, रीळ, विणलेली ब्रेडेड दोरी आणि ल्युअरने भरलेला डबा घेऊन पोरं येतात. माझी हरकत नाही, मीही तेच करतो. जिताड्याने नकली माशावर झडप घातली की हाताला जो हिसका बसतो त्याची गोडी वेगळीच. फक्त एक लक्षात घ्या. कोळंबीच्या गळाला एकच टोक होतं. या ल्युअरला सहा असतात, कधी नऊ.

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून मी नावाजलेल्या कंपनीचा म्हणून ल्युअर घेतला होता. डबी तशीच, अक्षरं तशीच, किंमत निम्मी. पाण्यात चालायचाही झकास. उघाडीच्या तोंडाशी जिताड्याने तो घेतला, दोन वेळा पाण्याबाहेर उसळला आणि एकदम दोरी सैल पडली. ल्युअर परत आला, मागचा ट्रेबल हुक नव्हता. ज्या कडीत तो अडकवलेला असतो ती स्प्लिट रिंग, किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशी, उलगडून सरळ झाली होती. मासा सुटल्याची हळहळ असतेच, पण तो तीन टोकांचा गळ जबड्यात घेऊन गेला, याचं जास्त वाईट वाटलं. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "मासाच मोठा असेल." असेल. पण मोठ्या माशासाठीच तर ल्युअर विकत होता.

तेव्हापासून घरात नवीन ल्युअर आला की आधी त्याची परीक्षा. भिंतीतल्या खिळ्याला गळ अडकवायचा आणि दुसऱ्या बाजूने ताणकाटा लावून ओढायचा. पाच-सहा किलोच्या ओढीला गळ उघडला किंवा कडी तिरकी झाली, तर दोन्ही काढून टाकायची आणि चांगल्या प्रतीची बसवायची. ओढताना तोंड बाजूला ठेवा, निसटलेला गळ थेट डोळ्यांकडे येतो. नवे गळ शक्यतो जुन्याच वजनाचे घ्या. जड गळ लावले तर तरंगणारा ल्युअर बुडायला लागतो आणि त्याची चालही मरते. मी मागचा ट्रेबल काढून एका टोकाचा गळ लावतो. मासे कमी लागतील अशी धास्ती होती, तसा फरक काही मला दिसला नाही. मासा सोडवणं मात्र कितीतरी सोपं झालं. जाळीत मासा तडफडत असतो आणि त्याच्या तोंडातल्या ल्युअरचे उरलेले गळ जाळीत, बाहीत, बोटात अडकायला टपलेले असतात. ज्याने हे एकदा पाहिलंय त्याला जास्त सांगावं लागत नाही.

माझ्या बाबतीत तो गळ दंडात शिरला, आणि तोही मासा समोर नसताना. बांधावर गर्दी होती. शेजारच्या पाहुण्याने मागे न बघता काठी फिरवली आणि त्याचा ल्युअर माझ्या दंडात बसला. दोन टोकं आत, एक मोकळं. बाजूच्या एकाने लगेच ओढून काढायला हात घातला, त्याला मी ओरडून थांबवलं. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो. ओढला की तो मांस फाडतच बाहेर येतो. पहिलं काम, दोरी कापायची आणि ल्युअर कडीपासून वेगळा करायचा, म्हणजे तो लोंबून जखम वाढवत नाही. मोकळ्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची आणि दवाखाना गाठायचा. डॉक्टरांनी जागा बधिर केली, टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढलं, काट्याचा भाग कापला आणि उरलेला गळ आल्या वाटेने मागे घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. खाडीच्या पाण्यातली जखम म्हणून पुढचे काही दिवस लाली, सूज, ताप यांवर लक्ष ठेवायलाही बजावलं. मधुमेह असणाऱ्याने तर अशी जखम अंगावर काढूच नये.

गळ डोळ्याला किंवा पापणीला लागला तर काहीही ओढायचं नाही, चोळायचं नाही, दाबायचं नाही. डोळ्यावर भार न येता कागदी पेला वगैरे उपडा धरायचा आणि थेट नेत्ररुग्णालयात जायचं. म्हणून बांधावर माझ्या सोबत येणाऱ्या पोरांना मी टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय काठी हातात घेऊ देत नाही. रात्रीसुद्धा, साध्या काचेचा. आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा. दोरी ताणलेली ठेवता येत असेल तर काटा दाबलेल्या गळावरही मासा टिकतो, आणि माणसाच्या अंगातून तो गळ सहज निघतो.

आता रंगाकडे वळतो, नाहीतर म्हाताऱ्याने प्रश्न टाळला म्हणाल. पावसानंतरच्या गढूळ पाण्यात जिताड्याला रंग दिसण्याआधी हालचाल जाणवते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी रेषा असते, ती पाण्यातली थरथर टिपते. त्यामुळे तेव्हा जाड अंगाचा, पोटात छर्रे वाजणारा, हळू ओढला तरी डुलणारा ल्युअर हवा. मग तो पोपटी असो की पांढरा. थंडीत पाणी निवळलं, भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावला, की सडपातळ चंदेरी किंवा मऊ रबराची कोळंबी बरी. तोंडापुढची पारदर्शक जीभ लांब आणि आडवी असेल तर ल्युअर खोल जातो, आखूड आणि उभी असेल तर वरवर चालतो. उघाडीच्या उथळ तोंडाशी खोल जाणारा टाकलात तर तो चिखलात रुततो किंवा खाजणाच्या मुळांत अडकतो. ल्युअर सरळ न येता उजवीकडे पळत असेल तर ज्या डोळ्यात दोरी बांधतो तो पकडीने केसभर डावीकडे वाकवा. एवढ्याने नवा करकरीत ल्युअर बिघडलाय म्हणून परत करणारे बरेच वाचतील. दोरीच्या शेवटी हातभर जाड तंगूस मात्र हवंच. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की बारीक दोरी तिला घासली की तुटते.

घरच्या ल्युअरबद्दल मला अभिमान आहे, तो लपवत नाही. ज्या रापालाचं नाव आज जगभर चालतं, त्या फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली पहिला ल्युअर घरीच केला. जोडे शिवणाऱ्याच्या सुरीने बूच तासलं, वरून चॉकलेटचा चंदेरी कागद लावला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आपल्याकडे पांगाऱ्याचं लाकूड आहे. हलकं, मऊ, चाकूला गोड. पण या मऊपणातच धोका आहे. बरेच जण लाकडात आकडीचा स्क्रू पिळतात आणि त्याला गळ अडकवतात. पाणी मुरलं की लाकूड फुगतं, स्क्रू ढिला होतो आणि मोठ्या माशाच्या पहिल्याच धक्क्याला उपटून निघतो. लाकडाला पोटाखालून उभी चीर द्या, एकच अखंड स्टीलची तार नाकापासून शेपटीपर्यंत आतून न्या, मधला वेढा पोटाखाली काढा आणि चीर इपॉक्सीने भरा. मग लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. रंगासाठी नेलपॉलिश उत्तम, वर पारदर्शक लेपाचे दोन हात. जुन्या स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून, दोन्ही टोकांना भोक पाडून केलेला स्पूनही झकास चालतो. पातळ पत्र्याचा घ्या, जाड स्टीलला भोक पाडताना ड्रिलची टोकं मोडतात. कापलेली कड कानसीने घासायला विसरू नका, ती बोट चिरते.

तळ्यातल्या मरळसाठी हवाई चपलेच्या रबराचा बेडूक करतात. गळाची टोकं रबराला चिकटून वर वळलेली ठेवली तर तो शेवाळातूनही न अडकता येतो. विकतच्यापेक्षा मला तो जास्त आवडतो. त्याच्याबद्दल एकच गाऱ्हाणं आहे. पावसात मरळची पिल्लं लालसर थव्याने पृष्ठभागावर फिरतात आणि आईबाप खाली राखण करत असतात. थव्यावर बेडूक टाकला की राखण करणारा मासा चवताळून घेतोच. यात कौशल्य काहीच नाही, आणि राखणदार गेला की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. थवा दिसला की काठी दुसरीकडे वळवा.

शिशाचं काम मात्र घरी करू नका, हे मी हट्टाने सांगतो. मऊ रबरी माशाला जे शिशाचं डोकं लागतं, ते ओतण्याचे साचे आता सहज मिळतात. आमच्या आळीत एकाने पडवीत शिसं वितळवलं. साच्यात पावसाचा ओलावा राहिला होता. शिसं ३२७ अंशांना वितळतं. तेवढ्या उष्णतेत पाण्याच्या थेंबाची क्षणात वाफ होते, ती शेकडो पटींनी फुगते आणि वितळलेलं शिसं उडवते. त्याच्या हातावरचे डाग अजून आहेत. दिसत नाही तो धोका वेगळाच. शिशाची धूळ आणि वाफ लहान मुलांच्या मेंदूला बाधते, आणि ज्या भांड्यात शिसं वितळवलं ते पुन्हा चुलीवर चढवायचं नसतं. ब्रिटनमध्ये पाण्यातलं शिसं गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आली. तयार डोकी विकत आणा. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खायला बसू नका, आणि शिशाचा मणी दाताने दाबायची जुनी सवय मोडा.

मऊ रबरी मासे आणि टणक प्लास्टिकचे ल्युअर एका खणात ठेवू नका, रबरातलं तेल प्लास्टिक वितळवतं. खाडीवरून आल्यावर सगळं गोड्या पाण्यात बुडवून वाळवा. गंजलेला गळ फेकायचा, घासून परत लावायचा नाही. तुटलेली दोरी बांधावर टाकू नका, तिच्यात बगळ्यांचे पाय अडकतात.

जिताड्याबद्दल एक गोष्ट आमच्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसते. तो नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून मोठं धूड हाती लागतं ते बहुधा अंड्यांची मादी असते. मी मधल्या आकाराचा एखादा घरी आणतो, कालवण होतंच. मोठा लागला तर पोटाला हाताचा आधार देऊन पाण्यातच सोडतो. बाजारभाव ऐकून मला वेड्यात काढणारे आहेत, काढोत.

या हंगामात हजार रुपये खर्चायचे ठरवले असतील तर निम्मे चांगल्या गळांवर आणि कड्यांवर घाला, त्यातूनच एक लांब चोचीची पकड घ्या. उरलेल्यात दोन ल्युअर येतात, एक वर चालणारा आणि एक खोल जाणारा. उघाडीवर जिताडा धरायला तेवढे पुरतात.