नळाचा गाळक घेण्यापूर्वी

पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर व झरी जामणी या भागांतील काही विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक प्रमाणात आढळले आहे. ते डोळ्यांस दिसत नाही, वासाने कळत नाही. लहान वयात असे पाणी पोटात गेल्यास पक्क्या दातांवर कायमचे डाग पडतात. वर्षानुवर्षे प्याल्यास सांधे आखडतात, हाडे वाकतात. वाकलेले हाड औषधाने सरळ होत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही मर्यादा असून, दुसरा उद्भव नसेल तरच १.५ पर्यंत चालते. म्हणून प्रथम प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन पाणी तपासून घ्यावे, मगच गाळक निवडावा.

१. नळास बसविण्याच्या साध्या गाळकातील जाळी गाळ अडविते व कोळसा क्लोरीनचा वास काढतो. त्याने फ्लोराइड जात नाही.

२. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड मात्र राहते. पाणी आटल्यास त्याचे प्रमाण उलट वाढते.

३. फ्लोराइडसाठी सक्रिय अॅल्युमिना भरलेला किंवा आर.ओ. पद्धतीचा गाळक लागतो. अॅल्युमिनाची शक्ती कालांतराने संपते, आर.ओ.मध्ये बरेच पाणी वाया जाते.

गाळलेले पाणीही पुन्हा तपासावे. गावात फ्लोराइडरहित विहीर असल्यास पिण्यास व स्वयंपाकास तिचेच पाणी निर्जंतुक करून वापरावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी सदोष उद्भवावर ठळक सूचना लावून घ्यावी.