पांढऱ्या पेशींचं जाळं : राखणदार आणि फितूरही

कॅन्सरच्या पेशंटकडे भेटायला गेलं की ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात’ हे वाक्य हमखास कानी पडतं. आपल्या मंडळाचा हा निधी अशाच रुग्णांसाठी आहे. तेव्हा या पेशींची थोडी ओळख करून घेऊ या.

मोठ्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून जास्त पेशी ‘न्यूट्रोफिल’ असतात. जंतू शिरले की सर्वांत आधी त्याच धावून जातात आणि जंतूंना गिळतात. २००४ साली बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतील ब्रिंकमन, झिचलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी त्यांचं आणखी एक हत्यार दाखवून दिलं. ही पेशी स्वतःचा डीएनए धाग्यांसारखा बाहेर फेकते. धाग्यांना जंतुनाशक प्रथिनं चिकटलेली असतात. या जाळ्यांना ‘नेट्स’ म्हणतात.

बहरीनच्या उथळ समुद्रात मासे धरायचे कुंपणासारखे ‘हद्रा’ आपण पाहतो. भरतीबरोबर आलेला मासा ओहोटीला तिथेच अडकतो. नेट्सचं काम तसंच. पण जाळं काही निवड करत नाही! उंदरांवरील प्रयोगांत रक्तातून फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशीही त्यात अडकल्या आणि तिथेच रुजल्या. २०१८ साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली. तंबाखूच्या धुराने उंदरांच्या फुफ्फुसांत सूज आली, नेट्स तयार झाल्या, आणि निद्रिस्त कॅन्सर पेशी पुन्हा वाढू लागल्या. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत हे खरं. पण सिगारेट आणि शीशा सोडायला इतर कारणंही भरपूर आहेत.

मग न्यूट्रोफिल कमी झालेल्याच बऱ्या का? मुळीच नाही! किमोथेरपीत त्या घटतात तेव्हा साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. अशा पेशंटला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) ताप आला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठावं. सर्दी-खोकला असेल तर आपण भेटायला न जाता फोन करावा. ‘पांढऱ्या पेशी वाढवणारी’ चूर्णं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

जाळी तोडणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे. तोवर वेळेवर तपासणी, वेळेवर उपचार आणि पेशंटच्या पाठीशी उभी राहणारी माणसं हाच आधार. आपली देणगी त्याच कामी येते. आपण ती आनंदाने द्याल, याची आम्हांला खात्री आहे.