चारचौघांतली ताकीद

इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं अ‍ॅडमिनपण माझ्या गळ्यात पडलं ते एका भांडणानंतर. एका निवृत्त काकांनी पहाटेच मेसेज ढकलला होता : नर्मदेची पाइपलाइन फुटली, तीन दिवस नळ येणार नाहीत. इंदूर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितंय, त्यामुळे असल्या बातमीवर इथे कुणी शंका घेत नाही. घरोघरी ड्रम भरले गेले, टँकर सांगितले गेले. नळ मात्र वेळेवर आले.

तेव्हाच्या अ‍ॅडमिनने ग्रुपवरच लिहिलं, ‘काका, ही शेवटची ताकीद. पुन्हा अफवा टाकलीत तर काढून टाकू.’ पहिली ताकीद कधी दिली होती, कोण जाणे! काकांचे पुण्याचे जावईही त्याच ग्रुपवर. काकांनी उत्तर दिलं नाही. ग्रुप सोडला, आणि त्या वर्षी गणपतीच्या आरतीलाही फिरकले नाहीत.

बरं, या सगळ्यात मूळ मेसेज खोटा होता, हे ग्रुपवर कुणी स्पष्ट लिहिलंच नाही. तो दुसऱ्या ग्रुपांवर फिरत राहिला. दुरुस्ती सगळ्यांसमोर व्हायला हवी होती आणि ताकीद एकट्याला मिळायला हवी होती; झालं नेमकं उलटं.

म्हणून आता मी आधी फोन करतो. ‘काका, तो पाण्याचा मेसेज खोटा निघाला. तुम्हीच ग्रुपवर तसं टाकता का?’ बहुतेक जण लगेच टाकतात. त्याच फोनवर दोन बाणांची खूणही सांगून ठेवतो : मेसेजवर ते दोन बाण दिसले की तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तो याच कारणाने.

फोनने भागलं नाही तर खासगीत लिहून कळवावं. कुठला मेसेज, कधीचा, त्यात काय चुकलं आणि आता काय करायचं, एवढंच. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ हे वाक्य लिहिलंत की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि जुनी उणीदुणी निघतात.

ॲप कुणाला काय दाखवतं, हेही अ‍ॅडमिनला पाठ हवं. दुसऱ्याचा मेसेज अ‍ॅडमिनने पुसला की त्या जागी अ‍ॅडमिनचं नाव सगळ्यांना दिसतं. लगेच एका ओळीत कारण लिहिलं नाही तर तर्ककुतर्क सुरू होतात. कुणाला काढलं तर तेही सगळ्यांना दिसतं. स्वतःहून गेलेल्याची सूचना मात्र २०२२ पासून फक्त अ‍ॅडमिनला जाते. त्यामुळे रागाच्या भरात काढण्यापेक्षा रात्रभर ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ ही सोय चालू ठेवलेली बरी. सकाळी पोहे-जलेबी पोटात गेल्यावर निम्मी भांडणं विरलेली असतात.

अ‍ॅडमिन मंडळी कडक होतात ती बऱ्याचदा पोलिसांच्या धास्तीने. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की, आधी ठरवून केलेला कट नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. इंदूर त्या न्यायालयाच्या हद्दीत नाही हे खरं, पण धीर यायला तेवढं पुरे. सणासुदीला किंवा निवडणुकीत जिल्हाधिकाऱ्यांचा सोशल मीडियाबद्दल आदेश निघाला तर तो मात्र नीट वाचावा आणि ग्रुपवर पिन करावा.

एखाद्या मुलीचा नंबर किंवा दंगल पेटवणारं काही आलं, तर यातलं काहीच लागू नाही. आधी पुसा, मग फोन.

आणि कुणाला काढावंच लागलं, तर परत यायची वाट त्याला त्याच दिवशी सांगा. परत घेताना ग्रुपवर स्वागताचा मेसेज तेवढा टाकू नका. ज्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, ते विचारतात, ‘अरे, हे गेले कधी होते?’