गावच्या याद्यांचे एकत्रीकरण आणि दुबार नोंदींची छाननी

खरिपाची पेरणी तोंडावर आली म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्यास शेतकऱ्यांच्या याद्यांची निकड भासू लागते. बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण धाडावयाचे असते, बियाण्यांच्या मिनिकिटांच्या वाटपाची सूचना द्यावयाची असते, पावसाचा अंदाज भ्रमणध्वनीवर कळवावयाचा असतो. याद्यांचा तोटा नसतो. खातेदारांची यादी महसुली दप्तरातून मिळते, सभासदांची विविध कार्यकारी सोसायटीकडून, दूध उत्पादकांची दूध संस्थेकडून, महिलांची बचत गटाच्या वहीतून, आणि उरलेली नावे मागील वर्षीच्या प्रशिक्षणवर्गाच्या हजेरीपत्रकावर सापडतात. परंतु या पाच याद्या एकीखाली एक जोडल्या की एकाच शेतकऱ्याच्या घरी एकच पत्र तीन वेळा जाऊन पडते, आणि शंभर मिनिकिटे आली असता ती शंभर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

हे काम आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. एक्सेल किंवा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस कॅल्क यांसारख्या प्रणालीत हजारो नावांतील दुबार नोंदी काही क्षणांत काढून टाकता येतात. नेमक्या याच सुलभतेत धोका आहे. दोनदा नाव आलेला शेतकरी तक्रार करीत नाही. आणि ज्याचे नाव गळाले तोही बहुधा करीत नाही, कारण आपले नाव यादीत होते हेच त्यास ठाऊक नसते. म्हणून यंत्राने काय करावे आणि माणसाने काय करावे, याची वाटणी आधी ठरविणे इष्ट होय.

दुबार कोणास म्हणावे

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. यादी कोणत्या कामासाठी हवी, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. शिवारफेरीचे छापील पत्र घरटी एक गेले तरी भागते. तेथे एका घरातील पतिपत्नी ही एकच नोंद धरण्यास हरकत नाही. प्रशिक्षणवर्गास मात्र माणूस बोलवावयाचा असतो, घर नव्हे. आणि लाभ खात्यावर द्यावयाचा असल्यास प्रत्येक खातेदार स्वतंत्र मोजावा लागतो, मग दोघे भाऊ एकाच ओसरीवर राहत असले तरी. घरटी पत्रासाठी गाळलेली यादी पुढे मिनिकिटांच्या वाटपास तशीच वापरली जाते आणि निम्म्या स्त्रिया वाटपातून वगळल्या जातात, हा अशा कामातील नेहमीचा प्रमाद होय. यादीच्या माथ्यावर तिचा हेतू व दिनांक लिहून ठेवल्यास तो टळतो.

याद्या जोडण्यापूर्वी

मूळ याद्यांना हात लावू नये. प्रत्येकीची प्रत काढून काम प्रतीवर करावे. सर्व प्रतींत रकाने एकाच क्रमाने मांडावेत: आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, गाव व वाडी, खाते क्रमांक, भ्रमणध्वनी. त्याशिवाय ‘मूळ यादी’ व ‘मूळ अनुक्रमांक’ असे आणखी दोन रकाने अवश्य घालावेत. एकदा सर्व नावे मिसळली की कोणते नाव कोठून आले हे सांगण्यास या दोन रकान्यांवाचून दुसरा मार्ग राहत नाही. गावाच्या नावाबरोबर २०११ च्या जनगणनेतील सहा अंकी गावसंकेतांकही लिहावा, कारण एकाच नावाची गावे एकाच जिल्ह्यातही आढळतात.

महसुली दप्तरातून आलेल्या नावांत जुनी लेखनपद्धती उतरलेली असते. ‘गंगूबाई भ्र. रामा’ यातील ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही अक्षरे नावाचा भाग नव्हेत, पण ती पुसूनही टाकू नयेत. त्यांसाठी वेगळा शेरा-रकाना करावा. अज्ञान म्हणून नोंदलेला मुलगा आज नातवंडांचा आजोबा असू शकतो, आणि त्याच्या नावापुढील पालनकर्ता कधीच दिवंगत झालेला असतो. यंत्रास हे कळावयाचे नाही.

दिसण्यास एक, लिहिण्यास दोन

मराठी नावांची जुळणी करताना इंग्रजी याद्यांत न येणारी एक अडचण येते. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्यावे. त्यातील अर्धा ऱ संगणकावर एकाहून अधिक रीतींनी उमटतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेले असते. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही आडनावे सारखीच दिसतात. यंत्र मात्र पहिल्यात आठ चिन्हे मोजते आणि दुसऱ्यात नऊ, म्हणून ती दोन आडनावे समजते. शंका आल्यास ‘लेन’ हे सूत्र लावून चिन्हांची संख्या पाहावी. सारख्या दिसणाऱ्या दोन नावांची संख्या भिन्न निघाली, तर त्यांपैकी एकात काही अदृश्य दडले आहे असे समजावे. पुष्कळदा ती नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा असते. ‘ट्रिम’ या सूत्राने अशी साधी मोकळी जागा निघून जाते.

जुन्या कार्यालयीन टंकांत लिहिलेल्या याद्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांत अक्षरे मराठी दिसत असली तरी आतून ती इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात. अशी यादी प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज दुसऱ्या यादीशी जोडूच नये, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे नीट उमटली की नाहीत हे शे-पन्नास नावे वाचून पाहावे.

आकड्यांचीही अशीच तऱ्हा आहे. देवनागरी नऊ आणि इंग्रजी नऊ ही यंत्राच्या लेखी दोन निराळी चिन्हे आहेत. भ्रमणध्वनी क्रमांकाच्या आरंभी कोणी शून्य लिहितो, कोणी देशाचा संकेतांक ९१ लिहितो. हे काढून सर्व क्रमांक दहा अंकी करावेत. बँकेच्या खाते क्रमांकांविषयी विशेष खबरदारी घ्यावी. रकाना संख्येचा असल्यास एक्सेल आरंभीची शून्ये गाळते आणि पंधरा अंकांपुढील प्रत्येक अंकाच्या जागी शून्य मांडते. सोळा किंवा अधिक अंकांचा क्रमांक अशा रकान्यात लिहिला की त्याचा शेवट कायमचा नष्ट होतो. नंतर रकान्याचा प्रकार बदलून तो परत येत नाही. म्हणून क्रमांक भरण्यापूर्वीच तो रकाना ‘टेक्स्ट’ या प्रकारचा करून ठेवावा.

खूण करावी, खोडू नये

याद्या जोडून झाल्यावर एक जुळणी-रकाना करावा. त्यात आडनाव, नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव व गावसंकेतांक ही एकापुढे एक जोडून लिहावीत. मग ‘काउंटइफ’ या सूत्राने प्रत्येक जोडनाव किती वेळा आले ते शेजारच्या रकान्यात मोजावे. एकाहून अधिक आकडा आलेल्या ओळी रंगवून एकत्र आणाव्यात. येथे एक खोच ध्यानी ठेवावी: निव्वळ अंकांच्या लांब क्रमांकांवर हे सूत्र चालविल्यास ते पंधरा अंकांपुढे पाहत नाही, आणि केवळ शेवटचे अंक निराळे असलेली दोन खाती एकच असल्याचे दर्शविते. क्रमांकापूर्वी एखादे अक्षर जोडले म्हणजे हा दोष दूर होतो.

एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ नावाची सोय आहे. ती वापरण्याचा मोह आवरावा. निदान पहिल्या फेरीत तरी. ही सोय वरची नोंद ठेवते आणि खालच्या सारख्या नोंदी काढून टाकते. किती नोंदी गेल्या हे ती सांगते, कोणत्या गेल्या हे सांगत नाही. वरच्या नोंदीत भ्रमणध्वनी नसेल आणि खालच्या नोंदीत तो असेल, तर तो खालच्या नोंदीबरोबर जातो. याकरिता दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या ठरल्यानंतरही त्यांतील माहिती आधी एका ओळीत आणावी, क्रमांक भिन्न असल्यास अलीकडच्या यादीतील घ्यावा, आणि मगच दुसरी ओळ बाजूस काढावी. बाजूस काढलेल्या ओळींचे स्वतंत्र पान ठेवावे.

संशयाच्या नोंदी

आतापर्यंतचे काम अक्षरशः सारख्या नोंदींचे झाले. खरी कसोटी पुढे आहे. पुढील चार नावे एकाच गावच्या निरनिराळ्या याद्यांत आहेत असे समजावे: शिंदे दत्तात्रय विठोबा, दत्तात्रेय विठोबा शिंदे, दत्तू विठोबा शिंदे, शिंदे दत्तात्रय विठ्ठल. माणसे किती? पहिल्या दोहोंत लेखनाचाच भेद दिसतो. तिसरा दत्तू हा बहुधा तोच दत्तात्रय असेल. चौथ्याच्या वडिलांचे नाव विठ्ठल. पण गावात विठ्ठलास विठोबाच म्हणतात. तो निराळा माणूस असेल, चुलतभाऊ असेल, किंवा पहिलाच असेल. कागदावरून याचा निवाडा होत नाही.

ध्वनीवरून नावे जुळविण्याची युक्ती जुनी आहे. सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच संकेत देणाऱ्या ‘साउंडेक्स’ पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९१८ साली घेतले गेले व पुढे तेथील जनगणनेच्या सूचीसाठी तिचा उपयोग झाला. ती इंग्रजी अक्षरांसाठी रचलेली असल्याने देवनागरी नावांस लागू पडत नाही. अलीकडे ओपनरिफाइन नावाची विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. ती थोडाफार अक्षरभेद असलेल्या नावांचे गट करून समोर ठेवते आणि ती एक करावीत काय, असे विचारते. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ यांतला भेद एका मात्रेचा असल्याने अशी जोडी ती सुचवू शकते. ‘दत्तू’ हे दत्तात्रयाचे घरगुती नाव असल्याचे मात्र ती जाणत नाही.

कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातील फेलेगी व संटर या दोघा शास्त्रज्ञांनी नोंदींच्या जुळणीचे गणित १९६९ साली मांडले. त्यातही जोड्यांचे भाग दोन नसून तीन आहेत: नक्की एक, नक्की भिन्न, आणि संशयित. तिसरा भाग माणसाने पाहावयाचा. गावपातळीवर हीच रीत सोयीची आहे. तिन्ही भागांसाठी ‘एक’, ‘भिन्न’ व ‘विचारावे’ असे तीन शेरे पुरतात. ज्या नोंदीवर ‘विचारावे’ हा शेरा आहे, ती विचारल्यावाचून गाळू नये.

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य करण्यात आला. दोन्ही नोंदींत तो असेल तर प्रश्न मिटला. परंतु दूध संस्थेच्या किंवा बचत गटाच्या जुन्या वहीत तो नसतो, आणि तो जमिनीच्या अभिलेखाशी जोडलेला असल्याने वाट्याने शेती करणाऱ्या भूमिहीनाकडेही तो नसण्याचा संभव आहे. ज्या नोंदीत क्रमांक नाही ती खोटी, असे समजणे म्हणूनच गैर होय. आधार क्रमांकाने जुळणी करणे सोपे वाटते. तथापि हातोहाती फिरणाऱ्या तक्त्यात आधार क्रमांक घालूच नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ साली संमत झालेला आहे.

स्त्रियांच्या नोंदी

सर्वांत अधिक गळती येथे होते. घरात भ्रमणध्वनी एकच असतो आणि तो पतीच्या नावे असतो. पत्नी स्वतः खातेदार असली तरी तिच्या नावापुढे तोच क्रमांक लिहिलेला असतो. भ्रमणध्वनीवरून दुबार नोंदी काढल्या की दोहोंतील खालचे नाव जाते, आणि खातेदारांची यादी वर व बचत गटाची खाली जोडलेली असल्यास ते बहुतेक वेळा स्त्रीचे असते. म्हणून केवळ भ्रमणध्वनी सारखा आहे एवढ्यावरून कोणतीही नोंद दुबार ठरवू नये.

उलट प्रकारही घडतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांप्रमाणे हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि संपूर्ण देशात २००५ च्या कायदादुरुस्तीने मिळाला. त्यामुळे एकाच स्त्रीचे नाव माहेरच्या गावी वडिलांच्या नावाने आणि सासरच्या गावी पतीच्या नावाने लागलेले असते. आडनाव निराळे, मधले नाव निराळे, गावही निराळे. कोणतीही प्रणाली ही जोडी ओळखणार नाही. येथे दोन्ही नोंदी खऱ्या असून दोन्ही जमिनी तिच्याच आहेत. पत्र एक पाठवावे, खाती दोन्ही ठेवावीत. विधवा स्त्रियांच्या बाबतीत पतीची ‘मयत’ नोंद काढताना वारसाची नोंद फेरफारात झाली आहे काय हे पाहावे; ती व्हावयाची असल्यास पतीचे नाव शेऱ्यासह राहू द्यावे, नाहीतर त्या घराचा पत्ताच यादीतून पुसला जातो.

चावडीवरील वाचन

‘विचारावे’ शेऱ्याची नावे छापून गावात न्यावीत आणि चावडीवर अथवा दूध संकलनाच्या वेळी वाचावीत. वाचताना फक्त नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव व वाडी एवढेच उच्चारावे. भ्रमणध्वनी, खाते क्रमांक वा कर्जाचा उल्लेख चारचौघांत करू नये आणि ती माहिती भिंतीवर लावू नये. दत्तू शिंदे कोण, हे सांगावयास तेथील म्हाताऱ्या माणसांस क्षणभरही लागत नाही. त्यांचे उत्तर ज्या दिवशी मिळाले तो दिनांक शेऱ्यात लिहावा. जे सभेस येत नाहीत त्यांची नावे तशीच ‘विचारावे’ म्हणून ठेवावीत व वाडीवस्तीवर जाण्याचा योग येईल तेव्हा विचारावीत.

यादी पूर्ण झाल्यावर एक ताळा घ्यावा. पाच मूळ याद्यांतील ओळींची बेरीज ही अंतिम यादीतील ओळी अधिक बाजूस काढलेल्या ओळी यांच्या बेरजेएवढी आली पाहिजे. एकाही ओळीचा फरक राहिल्यास ती कोठे गेली हे ‘मूळ अनुक्रमांक’ पाहून शोधावे. बाजूस काढलेल्या ओळींचे पान पुढील हंगामापर्यंत जपून ठेवावे, म्हणजे एखादी शेतकरी स्त्री आपले नाव का नाही असे विचारीत आली, तर तिची ओळ त्याच दिवशी परत यादीत घालता येते.