वाट कुठून आहे, ते आधी विचारा

सारोळ्याचा पूल ओलांडला की नीरा मागे पडते, पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ येतं. तीसेक वर्षं मी हे गाव एसटीच्या खिडकीतून पाहिलं. तासगावकडे जाताना उजवीकडे डोंगर, येताना डावीकडे डोंगर, मध्ये हिरवा पट्टा. निवृत्त झालो की इथे एक तुकडा घ्यायचा, असं बायकोला सांगून ठेवलं होतं. पुण्यात बँकेत आयुष्यभर लोकांची तारण कागदपत्रं तपासली, त्यामुळे आपल्याला कोण फसवणार, ही घमेंड होतीच. फसवलं कोणी नाही, हेही आधीच सांगतो. मीच नीट विचारलं नाही.

शिरवळ आता नुसतं खेडं राहिलेलं नाही. 1988 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं, मग औद्योगिक वसाहत वाढली, केसुर्डीला कारखान्यांचा दुसरा पट्टा झाला. पाळी सुटली की हमरस्त्यावर बसगाड्यांची रांग लागते. खोल्या भाड्याने जातात, बांधावर पाट्या लागतात: ‘प्लॉट उपलब्ध, एक गुंठ्यापासून’. मला पहिला एजंट भेटला तो याच पाटीखाली. ‘साहेब, अकरा जणांच्या सामाईकात नाव लावून देतो, नायतर नोटरी करून टाकू.’ नोटरीने जमीन होत नाही, एवढं मला कळत होतं. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. ऑगस्ट 2023 मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. जुने तुकडे नियमित करण्याची भूमिका सरकारने 2025 मध्ये घेतली, तरी त्या भरवशावर आज नवा तुकडा घेणं म्हणजे माफी मिळेल म्हणून आधी चूक करणं. मी 20 गुंठे जिरायत घेतली. माझ्या नावावर वडिलोपार्जित सातबारा असल्याने शेतकरी असल्याचा दाखला होता. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, आणि ‘दाखला आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं.

सातबारा काढला. भोगवटादार वर्ग 1, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा नाही, कुळाचं नाव नाही. वर्ग 2 असता तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागली असती, तेही नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शेरा आहे का, तेही पाहिलं; नीरा-देवघरच्या या टापूत ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सगळं स्वच्छ. दोघा भावांनी सह्या केल्या, खंडाळ्याला खरेदीखत झालं, पेढे वाटले.

पहिल्या पावसाळ्यात मी विटांनी भरलेला ट्रॅक्टर घेऊन गेलो, तर शेजारच्या बांधावर एक म्हातारे आडवे उभे. पंचा डोक्याला, हातात काठी.

‘पाव्हणं, गाडी हिथनं न्यायची न्हाई.’

‘आप्पा, खरेदीखतात लिहिलंय, पश्चिमेस गाडीवाट.’

‘तुमच्या खतात लिवलंय. माझ्या रानात कुटं लिवलंय?’

आप्पांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. चतुःसीमा विकणारा सांगतो आणि लिहिणारा लिहितो, शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. जुना मालक त्यांच्या रानातून बैलगाडी न्यायचा ती भावकीतल्या शब्दावर. भावकी विकली गेली, शब्द तिथेच राहिला. मग मी गाव नकाशा काढला. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात. माझ्या गटापर्यंत अशी रेघ येतच नव्हती. हा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात किरकोळ फी भरून मिळतो. मी तो खरेदीआधी काढला नव्हता, कारण सातबारा स्वच्छ होता!

कायद्यात उपाय आहेत. जुनी वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. वाटच नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 143 प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. पण तहसील, मग अपील, मग आणखी वर. तोवर विटांवर शेवाळ. आणि ज्याच्याशी भांडत आहोत, त्याच्याच विहिरीवर रोज हंडा भरायचा आहे. पुण्याच्या सोसायटीत शेजाऱ्याशी वर्षभर बोललो नाही तरी चालतं. इथे साप निघाला, ट्रान्सफॉर्मर जळाला, बायकोला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं, की पहिली हाक आप्पांनाच.

मी अर्ज केला नाही. तीन महिने त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा झाला, उसाच्या बिलाची रड ऐकली, सुभानमंगळच्या गढीच्या गोष्टी ऐकल्या. 1648 मध्ये फत्तेखानाच्या स्वारीत हिच्यासाठी लढाई झाली, आज नदीकाठी तिची ढासळती माती तेवढी दिसते. चौथ्या महिन्यात आप्पाच म्हणाले, ‘बोअर मारताय म्हणं. पाणी लागलं तर?’ पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली होती. तिथे कातळाची धूळ निघाली. दुसऱ्या जागी, भूजलाच्या माणसाला विचारून, साडेतीनशे फुटांवर जेमतेम दीड इंच लागलं. उन्हाळ्यात त्यातलं आठवड्यातून दोन दिवस आप्पांच्या कांद्याला आणि त्यांच्या बांधावरून बारा फूट वाट मला. पण यावेळी शब्दावर नाही. वहिवाटीच्या हक्काचा दस्त केला आणि नोंदवला. आप्पा सही करताना म्हणाले, ‘तुमचं बँकेचं काम लई चिकट.’

दुसरी ठेच जास्त खोल होती. खरेदीनंतर वर्षाच्या आत वकिलाची नोटीस आली. विकणाऱ्या भावांची थोरली बहीण. वडील 1998 मध्ये गेले तेव्हा वारस नोंदीत आई, दोन भाऊ, दोन बहिणी अशी पाच नावं होती. पुढच्या एका फेरफाराने बहिणींची नावं गेली. एजंटला विचारलं होतं तेव्हा तो हसला होता: ‘बहिणींनी हक्क सोडलाय की. दर राखीला साडी-चोळी करत्यात.’ मी त्या फेरफाराची प्रत काढलीच नव्हती. काढल्यावर दिसलं, की धाकटीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत होतं, थोरलीचा नुसता जबाब, आणि त्यावर अंगठा. बाई तर बालवाडीत शिकवतात!

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सातबारा मालकी देत नाही. तो महसुलाचा उतारा आहे. कलम 157 सांगतं, की त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द मी नोकरीत हजारदा वाचले असतील. बापाच्या वाट्यात मुलीचा हिस्सा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. 2005 च्या दुरुस्तीने ती वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. साडी-चोळीने हक्क सुटत नाही.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात, मरे नदीकाठच्या छोट्या गावात घर घेऊन राहतो. त्याला हे सांगितलं तर त्याला कळेचना. तिकडे 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेली पद्धत पुढे देशभर गेली: सरकारी नोंदवहीत नाव तोच मालक, मागची साखळी तपासायची नाही. त्याची चिंता वेगळी. घराला वाळवी आहे का, टाकीत पावसाचं पाणी किती साठतं, जवळचा डॉक्टर किती किलोमीटरवर. ‘मामा, शेजारी मात्र इथेही विचारतात, राहायला आलायस की विकायला,’ तो म्हणाला.

तर घेणाऱ्यांनी निदान एवढं करावं. शक्य तितके मागचे सगळे फेरफार काढावेत, आणि ज्या फेरफारात नाव गळलंय तिथे थांबावं. गळलेलं नाव बहुधा बाईचं असतं. तिच्या घरी स्वतः जावं, एजंटला नेऊ नये. खरेदीखतात तिला मान्यता देणार म्हणून सहीला बोलवावं. मोजणी इसार देण्याआधी करावी. हद्द कायम होताना शेजारी हजर असला की निम्मी ओळख तिथेच होते. आणि मे महिन्यात आठ दिवस गावात राहावं. श्रावणात सगळी जमीन चांगली दिसते.

मी थोरल्या ताईंच्या घरी नोटिशीनंतर गेलो. नायगावच्या वाटेवर त्यांचं घर, सावित्रीबाईंचं तेच नायगाव. मी रकमेचं बोललो, त्यांनी ऐकून घेतलं. रक्कम ठरली, भावांनी त्यात निम्मा भार उचलला. खंडाळ्याच्या कचेरीत त्यांनी पूर्ण नावाची सही केली, माहेरच्या नावासकट, आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘बांधावरचा आंबा तोडू नका. दादांनी लावलाय.’

दर चैत्रात त्या पिशवी घेऊन येतात, आप्पांच्या बांधावरून, बारा फुटी वाटेने. यंदा मोहोर कमी धरलाय. आज-उद्या फोन करून सांगायला हवं.